हायड्रोजन ग्लुकोजमध्ये बारा, एचसीएलमध्ये एक. मग आम्ल एचसीएलच का?

खडू_फळा (धागाकर्ता)

नववी-दहावीच्या वर्गात हा प्रश्न हमखास येतो. हायड्रोक्लोरिक (एचसीएल), नायट्रिक, सल्फ्युरिक ही आम्लं. इथेनॉल आणि ग्लुकोज नाहीत. हायड्रोजन तर सगळ्यांतच आहे. छापील उत्तर असं की पहिली पाण्यात एच⁺ आयन देतात, दुसरी देत नाहीत. म्हणजे प्रश्नच उलटा करून परत दिला. पुढचा ‘पण का देत नाहीत?’ तसाच राहतो.

त्याला जोडून प्रात्यक्षिकाचा घोळ. बुचावर दोन खिळे, ६ व्होल्टची बॅटरी आणि टॉर्चचा बल्ब हा नेहमीचा प्रयोग ०.१ मोलर एचसीएलने केला तर बल्ब पेटतच नाही. एलईडी लावला तर व्हिनेगरमध्ये पेटतो, आणि नुसत्या नळाच्या पाण्यातही जवळपास तेवढाच पेटतो! मुलांना नेमकं काय दाखवायचं?

अमोनियात तीन हायड्रोजन असून तो थेट आम्लारी कसा, हेही कोणी नीट मांडलं तर बरं होईल. गणित चालेल, पण अकरावीच्या पलीकडचं नको.

---

मोलभाव

आधी हायड्रोजन मोजणं सोडू. आम्लपणा हायड्रोजनच्या संख्येवर नसतो. तो कोणाला जोडलेला आहे, आणि तो आपला इलेक्ट्रॉन मागे ठेवून गेला तर मागे उरलेल्याला तो ऋण प्रभार पेलतो का, ह्यावर असतो. तिसरा गडी पाणी. पाण्याशिवाय एचसीएलसुद्धा आम्लासारखा वागत नाही.

आकडे घेऊ, सगळे किलोज्यूल प्रति मोलमध्ये. एचसीएलचा रेणू वायुरूपात फोडायला ४३१ लागतात. सुट्या हायड्रोजनचा इलेक्ट्रॉन काढायला १३१२. तो इलेक्ट्रॉन क्लोरीनला दिला की ३४९ परत मिळतात. निव्वळ खर्च साधारण १३९४. एवढी ऊर्जा साध्या तापमानाला कुठून येणार? म्हणून कोरडा एचसीएल वायू हा निव्वळ रेणूंचा वायू आहे, त्यात आयन नाहीत. सहसंयुज बंध आहे तसाच राहतो.

आता पाणी आणा. सुटा प्रोटॉन पाण्यात मोकळा फिरत नाही. तो पाण्याच्या ऑक्सिजनवरच्या इलेक्ट्रॉन जोडीला चिकटतो, हायड्रोनियम होतो, आणि त्याच्याभोवती आणखी पाणी जमा होतं. क्लोराइडभोवतीही जमतं. दोन्ही आयनांचं हे जलयोजन मिळून सुमारे १४७० परत देतं. १३९४ खर्च, १४७० जमा, म्हणजे सुमारे ७५ उरले. ते उष्णता म्हणून बाहेर पडतात, म्हणून एचसीएल विरघळताना पाणी तापतं.

हाच हिशेब इथेनॉलचा करा. ओएचवरचा हायड्रोजन वायुरूपात प्रोटॉन म्हणून काढायला सुमारे १५८३ लागतात. एचसीएलपेक्षा जवळजवळ १९० जास्त. मिथेनला १७४० च्या वर. जलयोजनाची जमा मात्र त्या प्रमाणात वाढत नाही, त्यामुळे ताळेबंद तोट्यात जातो. अॅसेटिक आम्लाला (व्हिनेगरातलं आम्ल) सुमारे १४५६. ते मधोमध आहे, आणि वागतंही मधोमध.

ग्लुकोजच्या बारांपैकी सात हायड्रोजन कार्बनला जोडलेले आहेत. कार्बन आणि हायड्रोजनच्या विद्युतऋणतेत (इलेक्ट्रॉन स्वतःकडे ओढण्याच्या ताकदीत) फरक फार थोडा, आणि कार्बनवर ऋण प्रभार टिकत नाही, म्हणून ते सात हिशेबातूनच बाद. उरलेले पाच ओएचमधले. त्यातला पहिल्या कार्बनवरचा सगळ्यात सैल, त्याचा पीकेए सुमारे १२.३ (पीकेए जितका लहान तितका प्रोटॉन सहज सुटतो; एका अंकाचा फरक म्हणजे दहापट). म्हणजे ग्लुकोज ‘अजिबात’ प्रोटॉन देत नाही हे काटेकोरपणे खरं नाही. ०.१ मोलर द्रावणात साधारण पाच लाख रेणूंत एक दोन आयनांत फुटलेला सापडेल. हिशेबाने पीएच ६.६ येतो. लिटमसला एवढ्याने काही कळत नाही.

---

शंकेखोर

मग अॅसेटिक आम्लाच्या ओएचमध्ये आणि इथेनॉलच्या ओएचमध्ये काय फरक? दोन्हीकडे हायड्रोजन ऑक्सिजनलाच जोडलाय की.

---

मोलभाव

बरोब्बर जागी बोट ठेवलंत. फरक प्रोटॉन जाण्याआधीपेक्षा गेल्यानंतर दिसतो. इथेनॉलमधून प्रोटॉन गेला की ऋण प्रभार एकाच ऑक्सिजनवर अडकतो, आणि शेजारचा इथाइल गट तो वाटून घेत नाही. अॅसेटेटमध्ये मात्र शेजारी दुहेरी बंधाचा दुसरा ऑक्सिजन आहे, तिथे प्रभार दोघांत वाटला जातो. हे नुसतं कागदावरचं चित्र नाही. अॅसेटेटमधले दोन्ही कार्बन-ऑक्सिजन बंध मोजले तर सारख्याच लांबीचे निघतात, एक आखूड एक लांब असे नाहीत. पीकेए इथेनॉलचा १५.९, अॅसेटिकचा ४.७६. अकरा शून्यांचा फरक आहे, थोडाथोडका नाही.

आणखी ओढ लावता येते. अॅसेटिकच्या शेपटीतला एक हायड्रोजन काढून क्लोरीन बसवा: पीकेए २.८६. तिन्ही जागी क्लोरीन बसवले की ०.७ च्या आसपास. प्रोटॉन देणारा हायड्रोजन तोच, त्याच जागी. बदललं ते शेजारपाजार.

ह्याहून सुंदर जोडी ग्लुकोज आणि क जीवनसत्त्वाची, म्हणजेच अॅस्कॉर्बिक आम्लाची, आहे. अॅस्कॉर्बिक आम्लात कार्बोक्सिल गट (व्हिनेगरातल्या आम्लातला सीओओएच) नाहीच. ग्लुकोजसारखेच ओएच, सहाच कार्बन, हायड्रोजन तर आठच, ग्लुकोजपेक्षा चार कमी. तरी पीकेए ४.१, म्हणजे व्हिनेगरातल्या आम्लापेक्षा तीव्र. कारण एक ओएच दुहेरी बंधावर बसलाय आणि तो बंध पुढच्या कार्बोनिलला (ऑक्सिजनशी दुहेरी बंध असलेल्या कार्बनला) जोडलेला आहे. प्रोटॉन गेला की प्रभार त्या साखळीतून दुसऱ्या टोकाच्या ऑक्सिजनपर्यंत पसरतो. वर्गात फळ्यावर ही दोन सूत्रं शेजारी लिहिली तर ‘हायड्रोजन मोजा’ हा गैरसमज पाच मिनिटांत संपतो.

---

टायट्रेटर

+१. करून दाखवायचं असेल तर एक सावधगिरी: औषधाच्या दुकानातली चघळायची गोळी घेऊ नका, निदान वेष्टन वाचल्याशिवाय नको. तिच्यात बहुधा सोडियम अॅस्कॉर्बेटही घातलेलं असतं, म्हणजे आम्ल आणि त्याचाच क्षार एकत्र. पीएच चारच्या आसपास अडून बसतो. शुद्ध अॅस्कॉर्बिक आम्ल अर्धा ग्रॅम १०० मिली पाण्यात घेतलं तर हिशेबाने २.८ येतो. रसायनांच्या दुकानात २५ ग्रॅमची बाटली मिळते. बाटली गडद रंगाची हवी आणि झाकण घट्ट. ओल लागली की पिवळट पडते.

---

तारजोड

बल्बचं मी घेतो. इथे रसायनशास्त्रापेक्षा ओहमचा नियम जास्त लागतो.

टॉर्चचा ६ व्होल्ट, ०.३ अँपियरचा बल्ब पूर्ण पेटलेला असताना २० ओहमचा असतो. दोन इलेक्ट्रोडचं समोरासमोरचं क्षेत्रफळ १ चौरस सेंमी आणि अंतर २ सेंमी धरू. ०.१ मोलर एचसीएलची वाहकता २५ अंशांना ३९ मिलीसीमेन्स प्रति सेंमी, म्हणजे द्रावणाचा रोध सुमारे ५० ओहम. इलेक्ट्रोडवर वायू सुटायलाच दीड-दोन व्होल्ट खर्ची पडतात. उरलेल्या साडेचार व्होल्टमध्ये सत्तर ओहममधून ६० ते ६५ मिलीअँपियर. बल्बला हवेत ३००. तार साधी लालही होणार नाही. बल्बच हवा असेल तर २ मोलर आम्ल घ्यावं लागेल, आणि तेव्हाही तो मिणमिणेल. मुलांसमोर २ मोलर आम्ल ठेवायचं तर चष्मे हवेत. मी ते टाळीन.

एलईडीचं असं: ९ व्होल्टची चौकोनी बॅटरी, ४७० ओहमचा रोधक, लाल एलईडी. ०.१ मोलर एचसीएलमध्ये १० मिलीअँपियर, झकास उजेड. ०.१ मोलर अॅसेटिकची वाहकता ०.५२ मिलीसीमेन्स, रोध ३८०० ओहम, प्रवाह १.३ मिलीअँपियर, मंद उजेड. इथपर्यंत मस्त: रेणू सारखेच विरघळवले, पण आयन पंचाहत्तरपट कमी वाहतायत, हे डोळ्यांना दिसतं.

पण नळाच्या पाण्यात कॅल्शियम, मॅग्नेशियम, बायकार्बोनेट असतं. वाहकता ०.५ मिलीसीमेन्सच्या आसपास असली की ते पाणी नेमकं अॅसेटिकच्या बरोबरीला येतं, आणि बोअरच्या पाण्यात तर एलईडी त्याहून जोरात पेटतो. धागाकर्त्याचं कोडं हेच. एलईडी पेटला म्हणजे आयन आहेत एवढंच कळतं. ते हायड्रोजनचे आहेत की नाहीत हे तो सांगत नाही. म्हणून

– सगळी द्रावणं ऊर्ध्वपातित पाण्यात करा. बॅटरीत घालायचं डीमिनरलाइज्ड पाणी चालतं, आधी त्यातच एलईडी लावून बघा, अंधार हवा.
– प्रत्येक पेल्याला दोन चाचण्या: एलईडी आणि निळा लिटमस. मिठाचं द्रावण मुद्दाम ठेवा. एलईडी पेटतो, लिटमस निळाच. ते नसेल तर मुलं ‘वीज वाहते म्हणजे आम्ल’ असं शिकून घरी जातात.

प्रमाण, २५० मिलीसाठी: बाटलीतलं ३५ टक्क्यांचं संहत एचसीएल २.२ मिली, पाणी आधी, आम्ल नंतर. ४ टक्क्यांचं पांढरं व्हिनेगर ३७ मिली. ग्लुकोज ४.५ ग्रॅम. इथेनॉल दीड मिली. मीठ दीड ग्रॅम.

खिळे नकोत. लोखंड आम्लाशी स्वतःच अभिक्रिया करतं, बॅटरी न जोडताही बुडबुडे येतात, मग ‘हे बुडबुडे विजेमुळे की आम्लामुळे’ असा नवीन गोंधळ. शिवाय धन टोकाचा खिळा झिजून द्रावण हिरवट-पिवळं होतं. जुन्या साध्या निप्पो-एव्हरेडी छापाच्या सेलमधली कार्बनची कांडी काढून पॉलिश पेपरने घासून घ्या. अल्कलाइन सेल फोडू नका, त्यात अशी कांडी नसते आणि आत पोटॅशियम हायड्रॉक्साइड असतं.

---

तारजोड

राहिलंच. क्रम महत्त्वाचा. पाणी, ग्लुकोज, इथेनॉल, मीठ, व्हिनेगर, आणि एचसीएल शेवटी. उलटं केलंत तर कांडीच्या छिद्रांत मुरलेलं आम्ल ग्लुकोजमध्ये उतरतं आणि ग्लुकोज ‘पेटतो’. एचसीएलमध्ये पाच-दहा सेकंदांपेक्षा जास्त चालू ठेवू नका, धन कांडीवर थोडा क्लोरीन सुटतो, वास येतोच.

---

जाई_वि

इथेनॉलच्या जागी सॅनिटायझर चालेल का? शाळेत स्पिरिट मिळणं कटकटीचं असतं.

---

टायट्रेटर

नको ताई. जेलवाल्या सॅनिटायझरमध्ये जाडी आणायला जो पॉलिमर असतो तो मुळात आम्लधर्मी, आणि आम्लारी घालून उदासीन केलेला. म्हणजे आत आयन तयारच. एलईडी पेटेल. सर्जिकल स्पिरिट किंवा आयसोप्रोपिल अल्कोहोल घ्या, इलेक्ट्रॉनिक सर्किटच्या पट्ट्या साफ करायला विकतात ते. उत्तर तेच येतं.

ग्लुकोजचंही बघून घ्या. उन्हाळ्यात पाण्यात कालवून प्यायची लिंबू किंवा संत्र्याच्या स्वादाची पावडर असते, तिच्यात सायट्रिक आम्ल घातलेलं असतं. लिटमस लाल होईल आणि सगळा धडा उलटा पडेल. साधी, बिनस्वादाची, शक्यतो प्रयोगशाळेतली डेक्स्ट्रोज (म्हणजे ग्लुकोजच) घ्या.

---

शंकेखोर

मोलभाव, तुमच्या हिशेबात एक गाठ आहे. विद्युतऋणता जास्त म्हणजे हायड्रोजन जास्त धन, म्हणजे तो सहज सुटणार. मग हायड्रोजन फ्ल्युओराइड सगळ्यांत तीव्र हवं. फ्लोरीनच्या वर कोण आहे? प्रत्यक्षात फ्लोरीन, क्लोरीन, ब्रोमीन, आयोडीन ह्या चौघांच्या आम्लांत तेच एकटं सौम्य.

---

मोलभाव

विद्युतऋणता हा एका आडव्या ओळीत चालणारा नियम आहे: मिथेन (पीकेए ५० च्या आसपास), अमोनिया (३५ च्या आसपास), पाणी (१५.७), हायड्रोजन फ्ल्युओराइड (३.२). ही उतरण बघा, कार्बन ते फ्लोरीन. अणूंचा आकार साधारण सारखा, म्हणून विद्युतऋणतेचं राज्य.

उभ्या गटात आकार वाढतो आणि बंध सैल होतो. बंध ऊर्जा फ्लोरीनशी सुमारे ५७०, क्लोरीनशी ४३१, ब्रोमीनशी ३६६, आयोडीनशी २९९. आयोडाइड केवढा फुगीर आयन; एक प्रभार मोठ्या पृष्ठभागावर पसरतो. त्यामुळे हायड्रोआयोडिक सगळ्यांत तीव्र. ०.१ मोलर हायड्रोफ्ल्युओरिकमध्ये जेमतेम ८ टक्के रेणू फुटलेले असतात.

मात्र ‘बंध मजबूत म्हणून सौम्य’ एवढ्यावर थांबू नये. फ्ल्युओराइड छोटा आहे, तो पाणी जोरात धरतो, त्यामुळे उष्णतेच्या खात्यात तो बऱ्यापैकी भरपाई करतो. विरल सोडियम हायड्रॉक्साइडने उदासिनीकरण केलं तर एचसीएलला मोलमागे सुमारे ५७ किलोज्यूल मिळतात, हायड्रोफ्ल्युओरिकला ६८! सौम्य आम्ल आणि उष्णता जास्त. मार बसतो तो एन्ट्रॉपीच्या खात्यात: त्या चिमुकल्या आयनाभोवती पाण्याचे रेणू इतके शिस्तीत बसतात की विस्कळीतपणा घटतो. उष्णतेचा ताळेबंद हा अर्धाच हिशेब आहे, हे अकरावीच्या मुलांना एवढ्या एका उदाहरणावरून पटतं.

---

टायट्रेटर

आणि ‘सौम्य’ शब्दाने फसू नका. हायड्रोफ्ल्युओरिक शाळेच्या आवारातही नको. काच खातं, त्वचेतून आत शिरून शरीरातलं कॅल्शियम बांधून टाकतं, आणि विरल असेल तर आग आग व्हायला काही तास लागतात. तोवर उशीर झालेला असतो. त्याच्यासाठी कॅल्शियम ग्लुकोनेटची जेल हाताशी ठेवतात. गंजाचे डाग काढायच्या काही द्रावणांत ते असतं, वेष्टन वाचा. तीव्र-सौम्य म्हणजे किती टक्के रेणू प्रोटॉन सोडतात, बस. इजेचं खातं वेगळं.

---

क्षारपट

पाण्याची भूमिका दाखवायला कोरड्या एचसीएल वायूचा प्रयोग सगळ्यात थेट आहे. कोकणात पावसाळ्यात तो हमखास फसतो, का ते सांगतो.

कोरड्या परीक्षानळीत १ ग्रॅम मीठ, त्यावर १ मिली संहत सल्फ्युरिक आम्ल. बुचातून वाकडी नळी. वायू सुटला की आधी कोरडा निळा लिटमस, मग ओला. कोरडा निळाच, ओला लाल, असं दिसायला हवं. जुलैत काय होतं? लिटमसचा कागद हवेतली ओल पिऊन बसलेला असतो, म्हणजे ‘कोरडा’ कागद मुळात कोरडा नसतोच. दोन्ही लाल. उपाय: कागद आदल्या दिवसापासून घट्ट झाकणाच्या बरणीत, भाजलेल्या निळ्या सिलिका जेलवर ठेवा आणि चिमट्यानेच काढा, बोटांना घाम असतो. मधल्या नळीत दाणेदार निर्जल कॅल्शियम क्लोराइड भरा, वायू त्यातून कोरडा होऊन जातो. कळीचा चुना वापरू नका. तो आम्लारी, वायूच खाऊन टाकेल आणि तुम्ही कागदाकडे बघत बसाल.

कागद नळीच्या तोंडाच्या फार जवळ धरला की सल्फ्युरिकचे तुषार उडतात आणि ठिपके पडतात. लाल ठिपके, कधी काळेही. पूर्ण कागद एकसारखा लाल झाला तरच तो वायूचा परिणाम धरावा. खिडकीजवळ करा, पाच-सहा मिनिटांत आटपा.

ह्याच वायूचं दुसरं रूप अधिक आवडतं: तो कोरड्या टोल्युइनमध्ये सोडा. विरघळतो, पण एलईडी पेटत नाही, कोरडा लिटमस बदलत नाही. त्याच नळीत तेवढंच पाणी घालून हलवा आणि थांबा. टोल्युइन हलकं, वर राहतं. खालच्या पाण्याच्या थरात लिटमस टाका, लाल. आता वरच्या थरात एलईडी: अंधार. खालच्या थरात: उजेड. रेणू तोच, एकाच नळीत, दोन इंचांच्या अंतरावर एकदा आम्ल आणि एकदा नाही. बर्नर मात्र बंद, टोल्युइन पेट घेतं.

---

शंकेखोर

हे भारी आहे. म्हणजे ‘एचसीएल आम्ल आहे’ हे वाक्यच अर्धवट?

---

मोलभाव

पाण्यात आम्ल आहे, असं म्हणावं. अऱ्हेनियसने १८८४ च्या प्रबंधात आयनांची कल्पना मांडली तेव्हा परीक्षकांनी त्याला जेमतेम पास केलं; १९०३ मध्ये त्याच कामाला नोबेल मिळालं. पण त्याच्या व्याख्येत द्रावक मुकाच राहतो. १९२३ मध्ये ब्रॉन्स्टेड आणि लॉरी ह्यांनी वेगवेगळं काम करून ‘प्रोटॉन देणारा आणि घेणारा’ अशी जोडी मांडली, तिथे पाण्याला भूमिका मिळाली.

अमोनियाचं उत्तर ह्यातच आहे. नायट्रोजनला प्रोटॉन सोडून ऋण प्रभार घेणं फार जड जातं, पण त्याच्याकडे एक मोकळी इलेक्ट्रॉन जोडी आहे आणि ती तो ऑक्सिजनपेक्षा सढळ हाताने पुढे करतो. पाणी आणि अमोनिया समोरासमोर आले की पाणीच प्रोटॉन देतं. हायड्रॉक्साइड उरतो, लाल लिटमस निळा. अमोनियाचे तीन हायड्रोजन जागचे हलत नाहीत. आता नवसागर (अमोनियम क्लोराइड) घ्या. तिथे अमोनियम आहे, चौथा प्रोटॉन आधीच घेतलेला. तो परत द्यायला अमोनियम तयार असतो, म्हणून ०.१ मोलर नवसागराचा पीएच ५.१.

आणि पाण्याचा आणखी एक खोडसाळपणा. एचसीएल, नायट्रिक, परक्लोरिक ही तिन्ही विरल द्रावणात सारखीच तीव्र दिसतात, कारण तिघंही सगळेच्या सगळे प्रोटॉन पाण्याला देऊन मोकळी होतात. खरी चढाओढ बघायची तर जो प्रोटॉन सहज घेत नाही असा द्रावक हवा, उदाहरणार्थ निर्जल अॅसेटिक आम्ल. तिथे परक्लोरिक पुढे निघून जातं.

---

टायट्रेटर

परीक्षेत फसवणारी दोन देऊन ठेवतो.

फॉस्फरस आम्ल, एच₃पीओ₃. हायड्रोजन तीन, पण १ मोलला सोडियम हायड्रॉक्साइड २ मोलच लागतं. तिसरा हायड्रोजन थेट फॉस्फरसला जोडलेला आहे. दोघांची विद्युतऋणता जवळजवळ एकच, २.१९ आणि २.२०. बंधात ध्रुवताच नाही, तो कशाला सुटतोय. हायपोफॉस्फरस आम्लात (एच₃पीओ₂) असे दोन अडकलेले, म्हणून एकच मोल लागतं. फॉस्फोरिकमध्ये तिन्ही ऑक्सिजनवर, तिन्ही सुटतात, पण चढत्या अडचणीने: २.१५, ७.२०, १२.३५. तिसरा फिनॉल्फ्थॅलिनने (आम्लारीत गुलाबी होणारा दर्शक) पकडायला जाऊ नका, मिळत नाही.

दुसरं बोरिक आम्ल, कॅरमवर टाकतात ती बोरिक पावडर. तीन ओएच, सगळ्यांना वाटतं त्यातला हायड्रोजन सुटतो. तसं होत नाही. बोरॉनकडे इलेक्ट्रॉन अपुरे, तो पाण्याचा हायड्रॉक्साइड ओढून घेतो आणि पाण्याचा प्रोटॉन मोकळा पडतो. म्हणजे द्रावण आम्लधर्मी, पण प्रोटॉन बोरिक आम्लाचा नव्हेच! पीकेए ९.२४. थेट टायट्रेशनला (आम्लारी मोजून थेंबाथेंबाने घालण्याला) अंतबिंदू इतका पसरट येतो की गुलाबी कधी आला ते कळत नाही. २५ मिली ०.१ मोलर द्रावणात दोन-तीन ग्रॅम मॅनिटॉल घाला, ते बोरेटला चिमट्यासारखं धरतं, आम्ल बरंच तीव्र होतं आणि गुलाबी रंग एका थेंबात येतो. रंग येऊन पुन्हा फिका पडला तर मॅनिटॉल कमी पडलंय, अजून घाला.

---

जाई_वि

एलईडी, टोल्युइन वगैरे नसेल तर अगदी साधी चाचणी? ग्रामीण शाळेसाठी.

---

क्षारपट

खायचा सोडा. ढोबळ नियम असा की कार्बोनिक आम्लापेक्षा, म्हणजे पीकेए ६.३५ पेक्षा, स्पष्ट तीव्र असलेलं आम्ल सोड्यातून बुडबुडे काढतं. एकेका पेल्यात १० मिली द्रावण आणि सपाट पाव चमचा सोडा. लिंबू, व्हिनेगर, चिंचेचं पाणी, क जीवनसत्त्व: फसफस. ग्लुकोज, स्पिरिट, मीठ, बोरिक: शांत. बोरिक आम्ल असूनही शांत राहतं, तिथे थांबून बोलता येतं. तुरटी टाकून बघा: फसफसते, आणि तिच्या नावात कुठेच आम्ल नाही. ॲल्युमिनियमचा तीन धन प्रभार भोवतीच्या पाण्याच्या रेणूंना एवढा ताणतो की त्यांचाच प्रोटॉन सैल होतो.

द्रावण थंड हवं. गरम पाण्यात सोडा नुसताच विघटित होऊन बुडबुडे देतो. आणि पाणी नीट ढवळून मगच सोडा टाका, नाहीतर पावडरीत अडकलेली हवा वर येते आणि मुलं टाळ्या वाजवतात.

हळद ह्या कामाला नको. ती आम्लारीला लाल होते, आम्ल आणि उदासीन दोन्हीत पिवळीच. जास्वंद किंवा लाल कोबी चालेल.

---

खडू_फळा

सगळ्यांचे आभार, बराच ऐवज मिळाला. क्रम बदलतो, खिळे हटवतो, मिठाचा पेला वाढवतो.

एक राहिलं. युनिव्हर्सल दर्शक वापरला तर ग्लुकोजच्या द्रावणात हिरव्याऐवजी पिवळट रंग येतो, साडेपाच-सहाच्या आसपास. मोलभाव ह्यांच्या ६.६ शी ते जुळत नाही.

---

तारजोड

ते ग्लुकोज नाही, पाणी आहे. नुसत्या ऊर्ध्वपातित पाण्यात दर्शक टाकून बघा, तोच रंग. हवेतला कार्बन डायऑक्साइड विरघळून उघड्या पाण्याचा पीएच ५.६ पर्यंत उतरतो. पाणी दहा मिनिटं उकळा, बाटली काठोकाठ भरून गरम असतानाच बूच लावा, थंड झालं की त्यातच द्रावण करा. रंग हिरव्याकडे सरकेल.

---

टायट्रेटर

आणि ग्लुकोजचं द्रावण त्याच दिवशी करा. दोन दिवस उघडं राहिलं की त्यात जिवाणू आणि यीस्ट शिरतात, साखरेपासून खरीखुरी आम्लं तयार होतात, मग उकळलेलं पाणीही उपयोगाचं नाही. जरा गढूळ दिसलं किंवा आंबूस वास आला तर ओतून टाका.